आबांचा सकाळचा व्हिडिओ

ऐका ना, एक गोष्ट सांगायचीये आणि ती आत्ताच्या आत्ता सांगायचीये. एसटीत बसलेय, सांगली-सातारा, खिडकीची सीट, मांडीवर आईनं दिलेला डबा, फोनची बॅटरी एकतीस टक्के. साताऱ्याचा स्टँड आला की मी परत शहाणी होणार, हे सगळं खोडणार आणि हॉस्टेलवर जाऊन गप पडणार — मला माहितीये ना मी कशी आहे. दोन वर्षं हेच केलंय. म्हणून मागं जाऊन वाचत नाहीये. जसं येईल तसं टाइप करतेय.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. कुणालाच म्हणजे कुणालाच. आईला नाही, रूममेटला नाही, देवळात हात जोडल्यावर मनातल्या मनातसुद्धा नाही.

आज आबांचं वर्षश्राद्ध होतं. आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. पंगत बसली होती, मी भात वाढत होते, आणि पप्पांनी पाहुण्यांना तोच किस्सा परत सांगितला. "आमचं आबा लय हट्टी. डाक्टरनीनं बिनगोळीचा व्हिडिओ मागितला, तर ह्यांनी चोरून गोळी खाल्ली, झ्याक चालून दावलं, आन् बसले खुबा मोडून घिऊन!" सगळे हसले. प्रेमानंच हसले. मीपण हसले. आणि भाताचं पातेलं घेऊन पुढच्या ताटाकडं गेले.

तो किस्सा खोटा आहे. आणि आज जिवंत असलेल्या माणसांत हे फक्त मला माहितीये.

थांबा. थेट तिथं जाता येईना. आधी आबा कळायला पाहिजेत तुम्हाला. टाळतेय का मी? असेन. पण आबा खरंच कळायला पाहिजेत.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पुढं, आत. थोडी द्राक्षबाग, दोन म्हशी. आबा फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले, त्यामुळं अख्खं गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. मी दहावीत असताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप फिरायला लागला, तंबाखू मळल्यासारखा. हातात तंबाखू नाही आणि अंगठा मळतोय! आम्हाला आधी गंमत वाटली. मग चालताना तो हात हलेना, मग शर्टाची बटणं लागेनात, मग सांगलीला दाखवलं. मेंदूच्या डॉक्टर मॅडमनी थोडं चालवून बघितलं आणि सांगितलं — कंपवात. पार्किन्सन. बरा होत नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या तर माणूस वर्षानुवर्षं चांगला राहतो.

आता सांगलीला जायचं म्हणजे आम्हाला दोन एसट्या. एकदा मिरजेत आबांचे पाय एसटीच्या पायरीपाशी चिकटले. ह्या आजारात होतं असं — डोकं म्हणतंय चल, आणि पाय जमिनीत रोवल्यासारखे. मागं रांग लागलेली. कंडक्टर ओरडला, "आवं आजोबा, चढताय का ऱ्हाताय?" आणि मागून कुणीतरी म्हटलं, "घेतली असंल सकाळी सकाळी." दारू म्हणे! माझ्या आबांनी! ज्यांच्या कँटीनच्या कोट्याची बाटली कायम दुसऱ्याच्याच घरी जायची, त्यांनी!

मी हे मॅडमना सांगितलं, तर त्याच म्हणाल्या, सहा महिन्यांतनं एकदा इकडं या, बाकी महिन्याच्या महिन्याला व्हिडिओ कॉलवर बघू. आणि मी झाले घरातली कंपाउंडर. का? तर फोन माझा होता!

काय दिवस होते ते. महिन्यातला एक गुरुवार, अकरा वाजता. आमच्याकडं रेंज फक्त ओट्याच्या कडेला येते, म्हणून तिथं खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर ज्वारीचा डबा आणि डब्याला टेकवलेला फोन. पण त्याआधी? त्याआधी सकाळपासून इन्स्पेक्शनची तयारी! पप्पा दाढी करून द्यायचे, आई शर्टाला इस्त्री करायची, बूट मी पुसायचे. एकदा तर आबा मेडलं लावायची म्हणून अडून बसले. आई म्हणाली, "आवं मामंजी, डाक्टरनीला काय लढाई दावायची हाय व्हय?" आबा म्हणाले, "सायबापुढं कसं बसायचं ती तुला काय ठावं!" मॅडम काय साहेब होत्या का? पण आबांना तो ऑफिसरचाच कॉल. स्क्रीनवर मॅडम दिसल्या की थरथरता हात कपाळाला जायचा. आणि मॅडमपण लय भारी — त्या हसायच्या नाहीत, मान हलवून म्हणायच्या, "विश्राम, हवालदारसाहेब." मग काम सुरू. चिमटी उघडा-मिटा, मोठी उघडा. मूठ उघडा-मिटा. हात न टेकता खुर्चीतून उठा. आता दारापर्यंत जाऊन या — दिपाली, फोन फिरव, मला पाय दिसू देत.

दिपाली म्हणजे मी. घरात दिपे.

मॅडमनी सांगितलेलं प्रत्येक काम मी वहीत लिहायचे. गोळी सहा, अकरा, चार आणि नऊला. कॉल असला की मात्र अकराची दहालाच, ते इन्स्पेक्शनचं खातं. गोळी पाण्याबरोबर, दुधाबरोबर नाही, दुधानं तिचा जोर कमी होतो. ह्यावरनं घरात रामायण! दोन म्हशी दारात आणि म्हाताऱ्याला नुसत्या पाण्यानं गोळी? आईला ते अपमानासारखंच वाटलं. पंधरा दिवस ती मॅडमवर रुसली होती. मॅडमना पत्ताच नाही.

आणि पाय चिकटले की काय करायचं, ते तर आम्हीच शोधलं. मॅडमनी सांगितलं होतं की ताल दिला की पाय सुटतात, टाळ्या वाजवा, मोजा, गाणं लावा. मी मोबाइलवर गाणं लावलं तर आबा म्हणाले, "बंद कर ती, लग्नाला निगालोय का मी?" मग मला काय सुचलं काय माहीत, मी ओट्यावरनं ओरडले, "हवालदार, कदम ताल! एक-दो-एक!" आणि आबांचा गुडघा उचलला गेला! खटकन! उजवा, डावा, उजवा, आणि ते दारातनं असे बाहेर आले जसं समोरनं बँडच चाललाय. आई गोठ्यातनं शेणाचे हात घेऊन बघायला आली. तिला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीपण. त्या दिवसापासनं रोज सकाळी साडेसहाच्या पुढं आमच्या अंगणात परेड. शेजारची पोरं भिंतीवरनं बघायची. अंगणात मी चुन्याच्या आडव्या पट्ट्या मारल्या होत्या, एकेका पट्टीवर एकेक पाऊल. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी कुणाच्या एवढ्या कामाची कधीच नव्हते. पुढंही होईन की नाही.

अजून एक सांगते, ते महत्त्वाचं आहे. ह्या आजारात चेहरा हलत नाही. आतनं हसतोय की रागावलाय, बाहेर काहीच दिसत नाही. आवाजही बारीक होत जातो. मी आबांना डोळ्यांवरनं ओळखायला शिकले होते. बऱ्याच वेळा बरोबर ओळखायचे. बऱ्याच वेळा. नेहमी नाही.

बरं. आता येते.

मी बारावी झाले त्या वर्षी आबांची सकाळ बिघडली. सहाची गोळी घेतली की ती लागू व्हायला पाऊण तास. त्या पाऊण तासात आबा म्हणजे लाकूड. कूस वळता यायची नाही. बसवलं तर उठता यायचं नाही. आणि उठलं तर उंबऱ्यात पाय चिकटायचे आणि वरचं अंग पुढं झुकायचं. एक-दो-एकसुद्धा चालेना त्या वेळेला. पप्पा पहाटेच बागेत, आई धार काढून डेअरीला. जवळ मी.

पण मॅडमना हे दिसायचंच नाही. कारण मी सांगितलं ना, इन्स्पेक्शन! कॉल अकराला म्हणून आबा दहाला गोळी घ्यायचे. अकराला आबा एकदम तयार. "सकाळी कसं असतं?" मॅडम विचारायच्या. "वक्के मॅडम!" आबा म्हणायचे. फौजेत सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी म्हणून नाव दिलं, की माणूस कामचुकार, हे त्यांच्या रक्तातच. आणि मी? मी बाजूला उभी राहून बघायचे, बोलायचे नाही. ते माझं पहिलं गप्प बसणं. पण ती कबुली ही नाही. ते त्यांच्या इज्जतीसाठी होतं, असं म्हणता येतं.

ऑगस्टमधल्या कॉलला मॅडमनी सहज विचारलं, "शेवटची गोळी किती वाजता घेतली?" आबा खरं बोलणारे माणूस. "धा वाजता, मॅडम!" मॅडम हसल्या. "म्हणजे दर वेळी मी तुमची परेडच बघते की हो. मला परेड नको, मला सकाळचे तुम्ही पाहिजेत." मग मला म्हणाल्या, सकाळी पहिल्या गोळीच्या आधी एक व्हिडिओ काढ. खाटेवरनं उठून दारापर्यंत. मदत करायची नाही, फक्त जवळ उभी राहा, पडायला लागले तर धर. तो बघून मी गोळ्या बदलायच्या का ठरवते. आणि सकाळी फारच अवघड जात असेल, तर त्या वेळेला जवळ माणूस ठेवायलाच लागेल.

जवळ माणूस.

त्याच आठवड्यात माझा साताऱ्याच्या कॉलेजात नंबर लागला होता. बीसीए. शेवटच्या फेरीत लागला, हॉस्टेलसकट. मी तो मेसेज किती वेळा उघडून बघितला असेल! आमच्या गल्लीतली एकही पोरगी जिल्ह्याबाहेर शिकायला गेली नव्हती. पप्पा आधीपासनंच नाराज, पण आबा माझ्या बाजूनं. पप्पांना म्हणाले, "बाळू, मी सतराव्या वर्षी ट्रंक उचलून काश्मीरला गेलो. ही साताऱ्याला जाती, चंद्रावर न्हाई." पप्पा त्यावर एवढंच म्हणाले, "मॅडम काय म्हणत्यात बगू. सकाळचं आबांपाशी मानूस लागत असंल तर मग कोन ऱ्हानार? तूच सांग."

म्हणजे समजलं ना? मॅडमचं उत्तर आलं की माझं ठरणार होतं.

आणि आबा व्हिडिओ काढू देईनात! चार दिवस. पप्पांनी सांगितलं, आईनं सांगितलं. आबांचं एकच, "नगं. ह्ये रूप कुनाला दावायचं न्हाई." ते सगळ्यांनी ऐकलं. शेजाऱ्यांनीसुद्धा. पप्पांच्या किश्शातला तेवढा भाग खरा आहे.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला मी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन गेले. पप्पा बागेत, आई डेअरीला. आबा जागेच होते. म्हणाले, "गोळी ऱ्हाऊ दे. फोन काढ, दिपे."

मी म्हटलं, नक्की?

"काढ म्हनतोय ना."

मी काढला. खाटेच्या कडेला यायला त्यांना किती वेळ लागला! मला धावत जाऊन हात द्यावासा वाटत होता, पण मॅडमनी नको सांगितलेलं. उठले. दोन पावलं आली, घासत. मग उंबरा. पाय चिकटले. टाचा वर, अंग पुढं, दोन्ही हात चौकटीला, आणि ती चौकटसुद्धा हलतेय असं वाटावं एवढा कंप. मी एक-दो-एक म्हटलं नाही. आबांनी मान वळवली, फोनकडं बघितलं. आणि बोलले. त्यांना आवाज काढायला किती जोर लावायला लागला ते मला दिसत होतं.

"मॅडम, खरं सांगतो. सकाळी लय भ्या वाटतंया. पडंन आसं वाटतंया. काय करता यील ती करा."

बास. एवढंच. आबा, ज्यांनी बर्फात चौक्या सांभाळल्या आणि त्याची गोष्ट सांगतानासुद्धा कधी भीतीचा भ काढला नाही.

मी गोळी दिली, खाटेवर बसवलं. म्हणाले, "धाडून दे मॅडमला. आन् तुज्या साताऱ्याचं मी बगतो. बाळूला मी सांगतो, बाई ठिवूया सकाळची. तू जायाचं."

ऐकलंत ना? त्यांनी दोन्हीचा विचार केला होता. रात्रभर पडल्या पडल्या तोच केला असणार.

मी ओट्याच्या कडेला गेले, रेंजमध्ये. मॅडमच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा नंबर उघडला. आणि व्हिडिओ निवडायला गॅलरी उघडली, तर ह्या नव्या व्हिडिओच्या बऱ्याच वर, आदल्या थंडीतला एक व्हिडिओ. आबा सकाळी अंगणातनं गेटपर्यंत चालत जातायत. स्वेटर, कानटोपी, ताठ पाठ, दमदार पावलं. तेव्हा आजार कमी होता, आणि फोनच्या मागून मी ओरडतेय, एक-दो-एक.

बाई ठेवणार? कोण ठेवणार? पप्पा ठेवणार बाई? घरात पोरगी असताना? मला एका सेकंदात सगळं दिसलं. मॅडम म्हणणार, जवळ माणूस पाहिजे. पप्पा माझ्याकडं बघणार. आई खाली बघणार. आणि मी ह्या ओट्यावर, ह्याच रेंजच्या कडेला, अजून दहा वर्षं.

मी थंडीतला व्हिडिओ पाठवला.

नुसता पाठवला नाही. त्यात माझा आवाज होता ना — तो आधी बंद केला. आवाज बंद करायला चार-पाच सेकंद लागतात. ते सेकंद मी कितीदा मोजलेत. हात कापला, चुकून दुसराच गेला, असं काहीही नाही. मी आवाज बंद केला, मग पाठवला, मग खाली लिहिलं, "सकाळचा, गोळीच्या आधी."

दुपारी मॅडमचा स्वतःचा फोन आला. "आजचाच ना हा?" मी म्हटलं, हो मॅडम. त्या म्हणाल्या, "स्वेटर घातलाय? थंडी वाजते का त्यांना आजकाल?" मी म्हटलं, हो मॅडम, इकडं भुरभुर आहे. कसली भुरभुर! आमच्याकडं ऑगस्टमध्ये टँकर चालू होते त्या वर्षी. मॅडमनी ते थंडीचंसुद्धा लिहून घेतलं असणार. त्या सगळं लिहून घ्यायच्या. मग म्हणाल्या, "मला भीती होती त्यापेक्षा सकाळ पुष्कळच बरी आहे. गोळ्या आहेत तशाच ठेवू. तीन महिन्यांनी बघू." मी म्हटलं, मॅडम, हे घरच्यांसाठी बोलून पाठवाल का? त्यांनी पाठवलं. मी पप्पांना स्पीकरवर ऐकवलं.

पप्पा म्हणाले, "बरं. मग जा."

सगळ्यात वाईट हे नाही. सगळ्यात वाईट आता आहे. इथं मघाशी मी फोन खाली ठेवला होता दहा मिनिटं.

आबांनी मला जवळ बोलावलं. "मॅडमनी बगितला?"

मी म्हटलं, हो आबा.

"मी बोललो ती ऐकलं?"

हो आबा.

"आन् काय म्हनल्या? आहे तसंच ठिवा?"

हो.

मग म्हणाले, "मग आमचंच मन कच्चं झालंय."

म्हणजे बघा ना काय झालं. त्यांना वाटलं, मॅडमनी त्यांना उंबऱ्यात अडकलेलं बघितलं, त्यांचं 'भ्या वाटतंया' ऐकलं, आणि तरी म्हणाल्या, काही नाही, चालू द्या. म्हणजे भीती खोटी. म्हणजे सिक रिपोर्टला गेले आणि डॉक्टरनं 'फिट' लिहून परत पाठवलं. त्या दिवसानंतर ते कुणालाच काही बोलले नाहीत. बाईचंही बोलले नाहीत. कशाला बोलतील? मॅडमनीच काही नाही म्हटलं होतं.

आणि मी साताऱ्याला आले. मजेत होते मी. अजिंक्यतारा चढले, कंदी पेढे घेऊन घरी पाठवले, मैत्रिणी झाल्या. खोटं कशाला बोलू?

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आबा पडले. उंबऱ्यातच. सकाळी सहा-सव्वासहाला. पप्पा बागेत. सहाची गोळी देऊन आई डेअरीला गेलेली, ती येईपर्यंत ते तसेच होते. खुब्याचं हाड मोडलं. सांगलीला ऑपरेशन झालं. मी साताऱ्याहून थेट दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः वॉर्डात आल्या. आम्ही सगळे खाटेभोवती. मॅडम म्हणाल्या, "हवालदारसाहेब, व्हिडिओत तर किती छान चालत होता तुम्ही. स्वेटर घालून." आणि पप्पा लगेच म्हणाले, "मॅडम, तो व्हिडिओ खरा नसंल. ह्ये काढूच दीनात. आदी गोळी खाल्ली असंल आन् मग पोरीला काढाय लावला असंल. काय गं दिपे?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, हो.

हो! एक अक्षर! आणि आबा तिथंच होते, पूर्ण शुद्धीत. त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी स्वेटर ऐकलं ना? त्यांना कळलं की त्यांचा व्हिडिओ गेलाच नव्हता. मॅडमनी काही ऐकलंच नव्हतं. त्यांचं मन कच्चं झालेलंच नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते आणि तो चेहरा — तो हलतच नाही ना. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मला काहीही ओळखता आलं नाही. मग त्यांचे ओठ हलले. पप्पा खाली वाकले. "काय म्हनलासा आबा?"

"पानी," आबा म्हणाले.

मीच पाजलं. चमच्यानं.

मॅडमनी गोळ्या बदलल्या. रात्री झोपताना घ्यायची एक वेगळी गोळी दिली, जिचा जोर पहाटेपर्यंत राहतो. दहा-बारा दिवसांत आबांची सकाळ सैल झाली. कूस आपली आपण वळायला लागले, पेला आपला आपण धरायला लागले. आई फोनवर आनंदानं सांगत होती, "एका गोळीचा फरक बग दिपे!" एका गोळीचा. फक्त तोवर चालायला पाय उरला नव्हता. त्यानंतर आबा खाट आणि खुर्ची, एवढंच.

पुढं ते जवळजवळ वर्ष जगले. मी रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या जिन्यातनं व्हिडिओ कॉल लावायचे. "जेवलीस का?" "पेपर कवा हायत?" कधीकधी विचारायचे, "मॅडमचा कॉल कवा हाय?" मी म्हणायचे, गुरुवारी आबा. "बरं. बाळूला दाढी कराय सांग." शेवटच्या महिन्यातसुद्धा! त्या वर्षात त्यांनी त्या व्हिडिओचा विषय एकदाही काढला नाही. मी रोज वाट बघायचे, आज विचारतील. आणि फोन ठेवल्यावर रोज सुटल्यासारखं वाटायचं. हो, सुटल्यासारखं. मग गेलेच ते. मी पोचेपर्यंत गेले होते.

मी तेव्हा अठराची होते. हे कारण म्हणून लिहीत नाहीये, नुसतं वय लिहितेय. आबा सतराव्या वर्षी ट्रंक उचलून गेले होते.

आज पप्पांच्या किश्शाला पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या फौजीनं मान हलवली आणि म्हणाला, "हवालदार कुनाला कवा भ्यालाच न्हाई." कौतुकानं म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मला वाटलं, हे बरोबर नाही. भीती वाटत होती त्यांना. त्यांनी सांगितली होती. सांगायला पाच दिवस लागले, पण सांगितली होती. ते हट्टी नव्हते. शेवटी हट्टी नव्हते.

कराड गेलं आत्ताच. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली होती तेव्हा मी तो उंबऱ्यातला व्हिडिओ पप्पांना पाठवला. आवाजासकट. खाली तारीख लिहिली, आणि लिहिलं की मॅडमना हा नाही, दुसरा पाठवला होता, मी. आबांनी धाड म्हटलं होतं. एकच टिक दिसतेय. पप्पा पाहुण्यांना सोडायला गेले असतील, नाहीतर ओट्यापासनं लांब असतील. बघतील तेव्हा बघतील. फोन येईल, किंवा येणार नाही.

तुम्ही एवढं वाचलंत म्हणून फक्त विचारते — तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी? एखादं माणूस, जे आयुष्यात कधी घाबरलं नाही, ते एकदा म्हणालं, सांग त्यांना, मला भीती वाटते. आणि तुम्ही सांगितलंच नाही?